हज्जाला बंद पडू द्यायचं नाही

“बाबा, ही हज्जा मरणार तरी कधी?”

प्रश्न विचारला इत्तोने, पण डोकं होतं शैमा आणि विसालचं. या दोघी तिच्या वर्गातल्या जिवलग मैत्रिणी. गेल्या महिन्यापर्यंत इत्तो म्हणजे दारातून आत जाताना दाराचीसुद्धा परवानगी मागेल अशी मुलगी होती. मग शाळेच्या समारंभात कुणीतरी आजारी पडलं, बाईंनी हिला पुढे ढकललं, आणि हिने भरल्या सभागृहात असं काही खणखणीत भाषण ठोकलं की टाळ्या थांबेनात. तेव्हापासून तिचा आवाज जो वर गेला तो खाली आलाच नव्हता. नवी सायकल मिळाल्यावर पोरं जशी ती कुठेकुठे चढते ते बघतात, तशा शैमा-विसाल या नव्या इत्तोला कुठेकुठे चढवून बघत होत्या. गुरुवारी तिने मुख्याध्यापकांना विचारलं होतं, “सर, मिशा काळ्या करता का?” आज शनिवार. शाळेला सुट्टी. आजची पैज मोठी होती: मोरोक्कोतल्या अझरूच्या टॅक्सी स्टँडवर, सगळ्या ड्रायव्हरांच्या देखत, हा प्रश्न स्वतःच्या बापाला विचारायचा.

जैतूनच्या तेलात बुडवलेला पाव तोंडाशी नेलेल्या एका ड्रायव्हरचा हात तिथेच राहिला.

हज्जा म्हणजे कुणी म्हातारी बाई नव्हे. हज्जा ही मोहाची टॅक्सी. जुनी, लांबलचक, डिझेलवर चालणारी जर्मन गाडी. तिचा रंग एकेकाळी निळा होता असं मोहा सांगायचा, आणि तो सांगायचा म्हणून लोक मानायचे. पुढे ड्रायव्हरशेजारी दोन, मागे चार, अशी सहा माणसं पोटात घालून ती रोज मेकनेसला जायची आणि यायची. तिच्या किलोमीटरच्या आकड्यांनी इत्तोच्या जन्माआधीच हात टेकले होते. मक्केला जाऊन येण्याइतकी वाट तिने इतक्या वेळा तुडवली होती की स्टँडवाल्यांनी आपणहून तिला हज्जा, म्हणजे हज करून आलेली बाई, ही पदवी देऊन टाकली. बाकी सगळ्यांनी आता पांढऱ्याशुभ्र नव्या व्हॅन घेतल्या होत्या. मोहाचा मेहुणा त्यालाही रोज व्हॅनची चित्रं दाखवायचा. मोहा म्हणायचा, “व्हॅन चांगली असते रे. पण तिच्याशी बोलता येत नाही.”

आणि आजचा दिवस साधा नव्हता. आज हज्जाच्या पासिंगची शेवटची तारीख. मेकनेसच्या केंद्रात दुपारपर्यंत पास झाली तर आणखी एक वर्ष. नाही झाली तर परवाना खलास, हज्जा भंगारात, आणि मोहा पांढऱ्या व्हॅनमध्ये, मुकाट. त्यात परवाच तिचा स्टार्टर जळाला. मेकॅनिक बूअज्जाने तो काढून फेस शहरात दुरुस्तीला धाडला. परत यायला सोमवार उजाडणार. तेव्हा पहाटे त्याने हज्जाला उतारावरून ढकलवून सुरू करून दिलं होतं आणि मोहाला दम भरला होता.

“मोहा, नीट ऐक. पासिंग होईपर्यंत हिला बंद पडू द्यायचं नाही. इथे उतार आहे, ढकललं की सुरू होते. त्या केंद्राचं आवार तव्यासारखं सपाट आहे. तिथे बंद पडली तर तिथेच चहाचं दुकान टाक आणि मला बोलाव उद्घाटनाला.”

म्हणून मोहा पहाटेपासून सीटवर बसून रेसवर पाय दाबून होता. थंडीत हज्जाला पायाचा आधार लागायचा. पाय काढला की ती खोकून खोकून थांबायची.

आणि आता लेकीचा प्रश्न ऐकून मोहाचा पाय उचलला गेला.

घुर्र... घुर्र... खक्. हज्जा थांबली.

“झालं! खाल्लं गाडीला!” एक ड्रायव्हर ओरडला.

“काळ्या जिभेची रे तुझी पोरगी, मोहा! आजच्या दिवशी असं विचारतात?”

“माझ्या गाडीकडे बघू नकोस हां बाई, हप्ते चालू आहेत तिचे!”

इत्तोने मागे वळून पाहिलं. शैमा आणि विसालला नेमकी त्याच क्षणी घरची कामं आठवली होती. कोपऱ्यावर विसालच्या लाल टोपीचा गोंडा तेवढा दिसला, आणि तोही वळला.

सुदैवाने ढकलणं ही अझरूच्या स्टँडची रोजचीच कसरत. रांगेत चार हात पुढे सरकायचं तर इंजिन सुरू करून डिझेल कोण जाळणार? खांदा लावायचा आणि ढकलायचं. त्यामुळे कुणाला बोलवावं लागलं नाही. दहा-बारा खांदे हज्जाला भिडले, ती उताराला लागली, मोहाने दुसरा गिअर टाकून क्लच सोडला आणि धडधड करत हज्जा परत जिवंत झाली. तेवढ्यात पुढच्या सीटवर बसायला आलेल्या लाल्ला रकिया नावाच्या आजीबाईंनी आपल्या गाठोड्यातून धुरीसाठीचे हर्मलचे दाणे आणि तुरटीचा खडा काढला, चहावाल्याच्या शेगडीतला निखारा मागून घेतला आणि बॉनेटभोवती सात वेळा धुरी फिरवून हज्जाची रीतसर दृष्ट काढली. उरलेली धुरी इत्तोच्या तोंडाभोवती फिरवली.

“आजी, मला खोकला येतोय!”

“येऊ दे. जिभेतलं निघतंय.”

मोहाने दार उघडलं. “बस गाडीत.”

“मी? मी कशाला?”

“जिभेने बंद पाडलीस ना? आता पायाने चालू ठेव.”

अशी इत्तोची नेमणूक झाली. मोहा आणि लाल्ला रकियाच्या मधल्या चिंचोळ्या जागेत ती बसली. डावा पाय लांब केला की रेसपर्यंत पोचायचा. मोहा सामान चढवायला, पोलिसाला सलाम करायला, कशालाही खाली उतरला की रेसवर इत्तोचा पाय. मागे चार पुरुष एकमेकांना चिकटून बसले होते. त्यातले एक चष्मेवाले मास्तर होते. त्यांनी लगेच शंका काढली.

“अहो, ही अर्ध्या वाटेत थांबली तर?”

“मास्तर, तिच्या देखत नको,” मोहा म्हणाला. “आजचा कोटा झालाय.”

शहर मागे पडलं. ऊन वर आलं, काचेवरचं दव सुकलं, लाल्ला रकियाने सूर्यफुलाच्या बियांची पुडी सोडली आणि त्या आणि इत्तो मिळून टरफलांनी ॲशट्रे भरू लागल्या. सगळं कसं छान चाललं होतं. आणि मग मोहाने डिझेलच्या काट्याकडे पाहिलं.

पहाटेपासून उभ्या उभ्या इंजिन चालवल्यावर डिझेल संपणारच, हे त्याच्या लक्षातच आलं नव्हतं. पुढच्या पंपावर त्याने गाडी घेतली. पंपावरचा माणूस नळी घेऊन आला आणि थांबला.

“इंजिन बंद करा.”

“भाऊ, हिचं जरा नाजूक आहे. चालूच राहू दे.”

“सिगारेटवाल्याला पण मी हेच सांगतो. बंद.”

“अरे, पासिंगला चाललोय. बंद पडली तर परत सुरू होत नाही!”

“सुरू न होणारी गाडी पास होते?” त्याने निरागसपणे विचारलं. मागच्या सीटवर मास्तर खूप मनापासून हसले.

शेवटी तोडगा निघाला. हज्जाला पंपापासून लांब, रस्त्याच्या कडेला उभं करायचं. इत्तोचा पाय रेसवर. मोहाने डिकीतला कॅन घेऊन पंपावर चालत जायचं, भरून आणायचा आणि इथे ओतायचा. कॅन भरून आला. ओतायला नरसाळं नव्हतं. मोहाने मास्तरांकडच्या वर्तमानपत्राकडे पाहिलं. मास्तरांनी ते अंगाखाली घेतलं.

“कोडं अर्धं राहिलंय,” ते म्हणाले.

मग सगळ्यांची नजर लाल्ला रकियाच्या मांडीवर गेली. मांडीवर साखरेचे दोन शंकू होते, हातभर उंच, जाड निळ्या कागदात गुंडाळलेले. नातवाचा साखरपुडा होता आज मेकनेसला. साखरेशिवाय मुलीच्या दारात कोण उभं करतं?

“अजिबात नाही,” लाल्ला रकिया म्हणाल्या.

“आजी, कागद आधीच शंकूसारखा वळलेला आहे. टोक कापलं की नरसाळं!”

“आणि साखर उघडी नेऊ? व्याही म्हणतील, पोराला घालायला तरी काही आहे का यांच्याकडे?”

“आजी, डिझेल संपलं तर साखरपुडा इथेच करावा लागेल. मेंढ्यांच्या साक्षीने,” इत्तो म्हणाली.

लाल्ला रकियाने रस्त्याकडेला चरणाऱ्या मेंढ्यांकडे पाहिलं. मेंढ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. एक कागद निघाला. इत्तोने गळ्यातला पिवळा रुमाल सोडून उघड्या शंकूला गुंडाळला. आजींनी त्याला लांबून पाहिलं आणि “बरा दिसतो की,” असं म्हणाल्या. मोहाने कागदाचं टोक कापलं, टाकीत खोचलं आणि डिझेल ओतलं. सगळे परत बसले. गाडी निघाली.

दोन वळणं गेली असतील, हज्जाने उचकी दिली.

मग दुसरी. मग अशा लागोपाठ उचक्या की मागचे चौघे एकाच तालात माना हलवू लागले.

“बाबा, काय झालं?”

मोहाच्या चेहऱ्याचा रंग उतरला. “कागद झटकला होता का कुणी? आतून?”

कुणीच झटकला नव्हता. कागदाच्या घडीघडीत साखरेचा चुरा होता.

“गेली!” मोहाने कपाळावर हात मारला. “माझ्या हातांनी साखर पाजली मी तिला! आयुष्यभर स्वच्छ डिझेल प्यायलेली बाई, आणि या वयात हिला साखर झाली!”

“मग एवढं रडायला काय झालं?” लाल्ला रकिया कडाडल्या. “मला साखर होऊन किती वर्षं झाली! मेले का मी?”

“तुमचं वेगळं, आजी.”

“काय वेगळं? डॉक्टर म्हणाला, बसून राहू नका, दम लागेपर्यंत चाला. मी रोज टेकडी चढते. हिलाही चढव. लाडावून ठेवलंयस तू तिला. बघतेय मी केव्हाची, चढावर अशी चालवतोस जशी अंड्यांची टोपली डोक्यावर आहे.”

पुढे लांबच लांब चढ होता. मोहाकडे दुसरा उपाय नव्हता. त्याने बिस्मिल्ला म्हटलं, गिअर खालचा टाकला आणि जे कधीच केलं नव्हतं ते केलं: रेस तळापर्यंत दाबली. हज्जा आधी चकित झाली. मग तिने असा काही आवाज काढला की लाल्ला रकियाने दोन्ही शंकू छातीशी धरले. मागून काळ्या धुराचा लोट निघाला. कित्येक वर्षांची काजळी, जुनी दुखणी, साचलेलं सगळं बाहेर पडत होतं. रस्त्याकडेला एक मेंढपाळ हात हलवत होता. तो मेंढ्यांसकट दिसेनासा झाला आणि बऱ्याच वेळाने, हात तसाच वर असताना, पुन्हा दिसला.

“आणखी!” इत्तो ओरडली. “बाबा, आणखी!”

माथ्यावर पोचेपर्यंत उचक्या थांबल्या होत्या. साखर होती की टाकीच्या तळाचा गाळ होता की नळीत अडकलेली हवा, कुणास ठाऊक. पण आवाज बदलला होता. मोहाने कान तिरका करून ऐकलं. मग डॅशबोर्डवर हलकेच थोपटलं. आजींनी ते थोपटणं आपल्या सल्ल्याची पावती म्हणून स्वीकारलं.

मेकनेसला पोचले तेव्हा केंद्र बंद व्हायला फारसा वेळ नव्हता. मोहाने अपराधी चेहऱ्याने मागे पाहिलं. “मंडळी, तुम्हाला आधी स्टँडवर सोडायला हवं. पण...”

“आधी पासिंग,” लाल्ला रकिया म्हणाल्या. मास्तर तोंड उघडणार होते; आजींनी नुसतं वळून पाहिलं, तोंड मिटलं.

केंद्राचं आवार खरंच तव्यासारखं सपाट होतं. रांगेत टॅक्स्या आणि व्हॅन इंजिन बंद करून उभ्या, ड्रायव्हर खांदा लावून आपापली गाडी पुढे सरकवताहेत, आणि त्यांच्यामध्ये एकटी हज्जा धडधडतेय. सगळे वळून बघत होते. आणि सगळ्यांच्या पुढे, शेडच्या तोंडाशी, निळा कोट घातलेली एक तरुण बाई उभी होती. हातात पेन. पासिंग तीच करत होती. सिहाम तिचं नाव. खिशावर लिहिलेलं होतं.

इत्तो बघतच राहिली. स्टँडवर एकमेकांच्या सात पिढ्यांची खबर घेणारे हे दांडगे ड्रायव्हर त्या बाईपुढे आले की टोप्या काढत होते! तिने एक बोट वर केलं की गाडी थांबायची. बोट वाकवलं की पुढे यायची. “उजवा दिवा,” ती हळू आवाजात म्हणायची, आणि मिशाळ माणूस धडपडत उजवा दिवा लावायचा. एकाने आर्जवं सुरू केली, “ताई, एवढ्या वेळेला सोडा...” तिने फक्त बोट बाहेरच्या दिशेला केलं. तो गेला. गाडीसकट.

“बाबा,” इत्तो कुजबुजली, “ती ओरडत का नाही?”

“तिला गरज नाही,” मोहा घाम पुसत म्हणाला. “गेल्या वर्षी मला दोनदा परत पाठवलं हिने. धुरासाठी.”

हज्जाचा नंबर आला. प्रवासी भिंतीला ओळीने उभे राहिले. दिवे: ठीक. ब्रेक: ठीक. मग सिहामने सायलेन्सरमध्ये धुराची नळी घातली. मोहाने डोळे मिटले. दर वर्षी तो हज्जाला जपून जपून, थंड थंड आणायचा आणि ती इथे मोठ्ठा काळा ढग सोडायची. आज ती पहाटेपासून तापलेली होती, आणि जो सोडायचा तो ढग तिने वाटेतल्या मेंढपाळाला देऊन टाकला होता.

सिहामने यंत्राकडे पाहिलं. परत पाहिलं. यंत्राला एक चापट मारून पाहिलं.

“काय केलंत हिला?”

“व्यायाम,” लाल्ला रकिया भिंतीजवळून म्हणाल्या.

सिहामने खाली वाकून गाडीत पाहिलं. “आणि तू कोण?”

“मी पाय,” इत्तो म्हणाली.

“म्हणजे?”

“म्हणजे... मुलगी. यांची. आज पाय आहे.”

सिहामच्या ओठांचा कोपरा जरासा हलला, पण लगेच जागेवर आला. “बरं. शेवटचं. इंजिनावरचा नंबर बघायचाय. इंजिन बंद करा.”

मोहाने खिडकीतून डोकं बाहेर काढलं. “बाई, चालू असताना नाही का बघता येणार? मी टॉर्च धरतो.”

“फिरत्या पट्ट्यात मी हात घालू?”

“नाही, नाही...”

“मग बंद.”

मोहाने इत्तोकडे पाहिलं. इत्तोने रेसवरचा पाय काढला. मोहाने जड हाताने किल्ली फिरवली.

हज्जा धडधडत राहिली.

मोहाने किल्ली पुन्हा फिरवली. हज्जा धडधडत राहिली. सकाळी जिला पायाचा आधार लागत होता ती आता कुणाच्याही आधाराशिवाय शिलाई मशीनसारखी एका लयीत चालली होती. मोहाच्या चेहऱ्यावर क्षणभर असं हसू आलं की जणू त्याची दुआ कबूल झाली.

“बंद करा म्हटलं ना मी?”

“केली की, बाई!”

“मग हे काय आहे?”

मोहाने किल्ली उपसून काढली आणि वर धरून दाखवली. किल्ली त्याच्या हातात, हज्जा चालू. रांगेतले ड्रायव्हर माना उंचावून पाहू लागले.

सिहामने पेनचं टोपण लावलं. “किल्लीने बंद न होणारी गाडी मी रस्त्यावर सोडू शकत नाही.”

आता मोहाची अवस्था बघण्यासारखी झाली. पहाटेपासून ज्या माणसाने हज्जा बंद पडू नये म्हणून जिवाचं रान केलं, तो बॉनेटवर दोन्ही हात टेकून तिची विनवणी करू लागला. “बंद हो गं! एवढ्या वेळेला ऐक! रोज तर होतेस!” हज्जा ऐकत नव्हती. गिअरमध्ये टाकून गचका देऊन थांबवतो म्हणाला, तर सिहाम म्हणाली, “किल्लीने.”

“बाबा, बूअज्जाकाकांना फोन लावा,” इत्तो म्हणाली.

फोन लागला. मोहाने स्पीकर सुरू केला.

“झालं पासिंग?” बूअज्जाचा आवाज.

“बंद होत नाहीये!”

“वा! अरे मग चांगलंच आहे की.”

“चांगलं नाही! आता बंद व्हायला पाहिजे!”

पलीकडे बूअज्जा खाकरला. “त्याचं असं आहे, मोहा. तू उतार आला की डिझेल वाचवायला किल्ली फिरवतोस. हात आपोआप जातो तुझा. मी म्हटलं, आज हा सवयीने फिरवणार आणि सगळं मुसळ केरात. म्हणून पहाटे मी किल्लीपासून इंजिनाच्या पंपाला जाणारी, गाडी बंद करणारी ती छोटी रबरी नळी काढून ठेवली. आता किल्ली फिरवून काही होत नाही.”

“आणि मला सांगायचं नाही?”

“सांगितलं असतं तर मग तू तिची काळजी करत बसला असतास.”

“नळी कुठाय?”

“ॲशट्रेमध्ये.”

इत्तोने ॲशट्रे उपसून मांडीवर उलटी केली. सूर्यफुलाच्या टरफलांचा डोंगर पडला आणि त्याच्या तळाशी करंगळीएवढी काळी नळी सापडली. मोहाने ती घेतली, पण त्याची जाड बोटं त्या सांदीत शिरेनात. इत्तोने नळी हिसकावली आणि बॉनेटखाली डोकं घातलं. सिहामनेही बाजूला येऊन टॉर्च धरला.

“ते नाही. त्याच्या खालचं.”

“हे?”

“त्याच्या मागचं टोक. पट्ट्यापासून हात लांब ठेव. हां. आता दाब. आणखी. घाबरू नकोस, रबर आहे, चावत नाही.”

“बसली!”

“बसली का तपासलंस?”

इत्तोने नळी ओढून पाहिली. घट्ट होती. “तपासलं.”

“आता म्हण, बसली.”

मोहाने किल्ली घातली. फिरवली. हज्जा थांबली.

पहाटेपासून कानात भरून राहिलेला आवाज एकदम गेला, तेव्हा कळलं की आवारात पक्षीही ओरडत होते. सिहामने वाकून नंबर वाचला, कागदावर लिहिला, शिक्का उचलला आणि धप्प करून मारला. “पास. गाडी बाहेर घ्या, मागचीला येऊ दे.”

कुणीच हललं नाही.

“काय झालं?”

“स्टार्टर फेसला गेलाय,” मोहा आपल्या बुटांना म्हणाला.

“मग इथवर आलात कसे?”

“उताराने.”

सिहामने आपल्या सपाट आवाराकडे पाहिलं, हातातल्या शिक्क्याकडे पाहिलं आणि एक मोठा श्वास घेतला. “गाडी थांबते का, दिसते का, बंद होते का, ते मी बघते. सुरू कशी करायची ते तुमचं तुम्ही बघा.”

तिचं वाक्य संपायच्या आत रांगेतले ड्रायव्हर हज्जाच्या मागे पोचले होते. बोलावलं कुणीच नव्हतं. टॅक्सीवाल्याला रांगेत पुढची गाडी अडलेली दिसली की खांदा आपोआप पुढे जातो, मग गाव अझरू असो की मेकनेस. मागचे तिघे प्रवासी आले. मास्तरांनी वर्तमानपत्र लाल्ला रकियांच्या हाती दिलं आणि तेही आले. “एक, दोन, या अल्ला!” हज्जा सपाटीवरून धावली, मोहाने क्लच सोडला, आणि तिने अगदी शेवटचा, राखून ठेवलेला, एक काळा भपकारा सिहामच्या निळ्या कोटावर सोडला.

सगळे जागच्या जागी थिजले. सिहामने कोट झटकला. मग कागद मोहाच्या हातात देत म्हणाली, “पळा. लवकर पळा.”

लाल्ला रकिया साखरपुड्याला वेळेत पोचल्या. पिवळ्या रुमालातली साखर म्हणे व्याह्यांना फार आवडली; ही अझरूकडची नवी पद्धत का, असं त्यांनी विचारलं, आणि आजींनी हो म्हणून ठोकून दिलं.

संध्याकाळी मोहाच्या घरी पुदिन्याचा चहा आणि गरम हरिऱ्याचं सूप होतं. इत्तोची आई तूदा वाडगे भरत होती आणि मोहा तिसऱ्यांदा सगळी हकीकत सांगत होता. या खेपेला चढ आणखी लांब झाला होता आणि मेंढ्यांची संख्या वाढली होती.

“आणि हिने अशी बोटं घातली, अशी, आणि नळी बसवली! बूअज्जालासुद्धा इतक्या झटक्यात जमत नाही. तूदा, तुझ्या लेकीचा हात सोन्याचा आहे!”

“तेलाचा आहे,” तूदा म्हणाली. “तीन वेळा धुतला तरी जात नाही.”

“यम्मा, बाबा,” इत्तोने चहाचा पेला खाली ठेवला. समारंभात भाषण करताना उभी राहिली होती तशी ताठ उभी राहिली. “मी ठरवलंय. पुढे काय व्हायचं ते.”

मोहाने वाडगा बाजूला सारला. त्याचा चेहरा उजळला. “मला माहीत होतं! वल्लाह, माहीत होतं! उद्याच बूअज्जाकडे जातो. म्हणतो, घे बाबा हिला हाताखाली. या मुलखातली पहिली मुलगी, जी...”

“मेकॅनिक नाही, बाबा.”

“मग ड्रायव्हर!” मोहा आणखी खूश झाला. “अगं मग तर हज्जा तुझीच!”

“काहीतरीच काय,” तूदा म्हणाली. “डॉक्टर होणार असेल. हो ना गं?”

“पासिंगवाली,” इत्तो म्हणाली. “सिहामताईंसारखी. निळा कोट, शिक्का. सगळे हज्जाला ढकलायला जमले तेव्हा मी त्यांना विचारलं पण, त्यासाठी काय शिकावं लागतं. गणित आणि विज्ञान. सोमवारपासून मी दोन्हीच्या तासाला पहिल्या बाकावर.”

उभं आयुष्य ज्या कोटाला घाबरण्यात गेलं तो कोट आपल्याच घरातल्या खुंटीवर लटकलेला मोहाला दिसत असावा. तूदाने तोंडावर ओढणी धरली, पण खांदे हलत होते.

“चांगलं आहे,” मोहा म्हणाला. आवाज जरा बारीक निघाला. “म्हणजे... सरकारी मान आहे. आणि घरचंच माणूस असलं म्हणजे हज्जाचीही काळजी मिटली.”

“हज्जा रांगेतून येईल, सगळ्यांसारखी,” इत्तो म्हणाली. तिने एक बोट वर केलं, आणि मोहा नकळत ताठ बसला. “आणि बाबा, आत्ताच सांगून ठेवते. माझ्यासमोर आलात की ओळख दाखवायची नाही. आधी उजवा दिवा लावायचा.”